कॅरिअरवरून थाप

नुसत्या आवाजावरून सायकलचं दुखणं ओळखणारे म्हणून मिस्त्रींचं नाव होतं. आज मास्तरीणबाई तीच सायकल घेऊन तिसऱ्यांदा आल्या. “अजून कुरकुरतेच आहे हो!” साखळी, बेअरिंग, सीट, सगळं बघून मिस्त्री मेटाकुटीला आले होते. त्यांनी कंटाळून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली. “कुठे येतोय आवाज? उगाच भास होतात तुम्हाला.” शिलाईमशिनवरून त्यांची बायको उठली. तिला तर आत बसूनही कुरकुर ऐकू आली होती. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि कॅरिअरवर जाऊन बसली. “चला. आवाज आला की पाठीवर थाप मारते.” उजवं पायडल दाबलं, थाप पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा पडली; मिस्त्रींच्या कानांवर मात्र काहीच आलं नव्हतं. मिस्त्री थांबले. मागे वळून बघवेना. उतरून पान्याने पायडलची सैल पिन ठोकली. परतताना एकही थाप पडली नाही. तिचा हात मात्र दुकानापर्यंत पाठीवर टेकलेलाच राहिला.