नाव घेतलं की

"हं आई, बोल."

फोन मुलानेच केलेला असायचा, तरी सुरुवात अशी. आईला त्याचं काही वाटत नसे. कामावरून परतताना तो रोज गाडीतून फोन करतो, यातच तिला सगळं पावलं होतं. नाहीतर दिवसभरात तिचा आवाज ऐकायला घरात होतं कोण? गळका नळ आणि भिंतीवरचं घड्याळ.

शेजारीण एकदा म्हणाली, माझी लेक रविवारचा फोन करून कर्तव्य उरकते, तुझा मुलगा लाखात एक. आई तोंडदेखलं म्हणाली, "पुरे गं, दृष्ट लावशील." दार लावून घेतल्यावर मात्र एकटीच हसली.

रस्त्यात गर्दी असली, की फोन दोनदा-तीनदाही यायचा. दमल्याभागल्या माणसाला आईच आठवते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण बोलता बोलता पलीकडे हॉर्न किंचाळायचे, ब्रेक करकचायचे, आणि हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. तो समजूत घालायचा, की बटणसुद्धा दाबावं लागत नाही, नाव घेतलं की गाडीच फोन लावते, हात स्टिअरिंगवरच असतात.

"हात असतात रे. लक्ष कुठे असतं?"

त्यावर तो विषय बदलायचा.

आज तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होता. त्याच्या या गाडीत ती पहिल्यांदाच बसली होती. मांडीवरची पर्स घट्ट धरून, आठवडाभर मनात घोळवलेलं तिने एकदाचं बोलून टाकलं.

"उद्यापासून गाडीतून फोन करू नकोस. तू धड घरी पोचलास, की मला मिळालं सगळं."

"तुला करमेल?"

"न करमायला काय झालं? टीव्ही आहे, शेजारीण आहे." खोटं बोलताना ती खिडकीबाहेर बघायची, तशी बघत राहिली.

त्याने गाडीचा वेग जरा कमी केला. मग घसा खाकरून म्हणाला, "आई, त्या फोनचं ना, तुला एक सांगायचं होतं..."

तेवढ्यात डावीकडून एक मोटरसायकल आडवी घुसली. त्याने कचकन ब्रेक दाबला.

"आयला!"

"आईला फोन लावत आहे," गाडी गोड आवाजात म्हणाली, आणि मांडीवरची पर्स वाजू लागली.