रामराव मिस्त्रींचा कान

लाल गाडी गॅरेजच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा रामराव मिस्त्री लांब पेचकस हातात घेऊन उभेच होते. दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल अशी बुटकी गाडी. धाड गावचा बाजाराचा दिवस, त्यामुळे तिच्यामागे पंधरावीस माणसं आपोआप आली.

गाडी राजकुमारची. बुलढाण्याच्या बड्या शेतकऱ्याचा हा मुलगा, आणि गाडी घेतलेली पुण्याच्या कुणाकडून. पाच वर्षं जुनी, पण धावलेली जेमतेम सहा हजार किलोमीटर. बाकीचा काळ कव्हरखाली झोपून काढलेला. आता इंजिनाच्या वरच्या भागातून टिकटिक येत होती. शहरातल्या वर्कशॉपनं दोन नंबरच्या सिलिंडरवर बोट ठेवून, वरचा सगळा भागच बदला, असं सांगितलं होतं.

"रामराव भाऊ, तुमचा कान सांगन ते खरं," राजकुमार म्हणाला. "पन तुमी इंजन उघडलं अन् चुकलं, तं जिल्हाभर सांगत फिरीन."

रामरावांनी पेचकस फडक्यानं पुसला. पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, की दोष कुठं ते सांगणार, अशी त्यांची तीस वर्षांची ख्याती. जालन्याकडूनही गाड्या यायच्या. त्या कानाचा गावाला देवळाच्या कळसाइतका अभिमान होता.

रामरावांच्या लेकीच्या, छकुलीच्या लेखी खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती बाप-लेकींनाच ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शटर ओढून त्यांनी लेकीला सांगितलं होतं की, माणसाचं बोलणं कळतं, पण इंजिनातला बारीक आवाज आता कानात शिरत नाही. गावात फुटलं तर गॅरेजला कुलूप लागेल. मायलाही सांगायचं नाही. छकुली तेव्हा फार रडली होती.

छकुली गॅरेजमध्येच वाढलेली, कान बापावर गेलेला. पण चार माणसं जमली की तिची वाचा बसायची. पोरीचं कोण ऐकतं, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग बोलू नको, दाखव, असं रामराव म्हणाले आणि त्यातून युक्ती निघाली. स्कूटीवर बसताना इथल्या पोरी बांधतात तशी ती चेहऱ्याला घट्ट ओढणी बांधायची. टॉर्चला चिकटवलेली बारीक रबरी नळी बाहीतून वर, ओढणीच्या आत, थेट कानापर्यंत. टॉर्च इंजिनाला टेकवत ती ऐकत जायची, आणि उजेड जिथं थांबेल तिथं रामरावांचं बोट पडायचं. लोकांना वाटे, पोरगी बापाला उजेड दाखवते.

गाडी सुरू झाली. छकुलीनं टॉर्च टेकवली. आधी इंधन सोडणाऱ्या भागांची टकटक आली, शिवणयंत्रासारखी सगळीकडे सारखी. ती तिनं मनातून वजा केली. उरली ती टिकटिक झडपांपाशी होती. झडपेखालचा लिफ्टर आतल्या तेलावर तोललेला असतो. तेल उतरलं की तो सैल पडून वाजतो. इथवर नक्की. पण कितव्या सिलिंडरचा?

दोन नंबरवर आवाज होता. शहरवाल्यांनीही दोनच सांगितलेला. तिनं उजेड दोनवर थांबवला.

रामरावांचं बोट हललं नाही. "घाई नाई," ते शांतपणे म्हणाले. "अजून एक खेप आयकू द्या."

बाबांना उजेड दिसला नाही की काय? छकुलीनं पुन्हा पहिल्यापासून टॉर्च फिरवली, आणि या वेळी डोळे मिटून घेतले. दोनवरचा आवाज पसरट होता, धातूतून वाहत आलेला. तीनवरचा मात्र नेमका, टोकदार. तिनं श्वास सोडला आणि उजेड तीनवर आणला.

बोट लगेच पडलं. "तीन नंबर."

राजकुमारचा चेहरा उतरला. शहरवाल्यांनी तर दोन सांगितलेला. तरी, उघडा इंजन, असं तो म्हणाला. इंजिन थंड होऊ दिलं, कव्हर काढलं. रामरावांनी एकेक लिफ्टर अंगठ्यानं दाबायला लावला, तोही राजकुमारलाच. पहिला घट्ट, दुसरा दगडासारखा. तिसऱ्यावर राजकुमारचा अंगठा मऊ लोण्यात रुतल्यासारखा खाली गेला.

उभ्या गाडीत तेल चिकट होऊन लिफ्टरचं छिद्र बुजलं होतं, बाकी काही नाही. तो काढून धुतला, तेलात बुडवून आतली हवा काढली, नवं तेल भरलं. दुपार कलताना गाडी सुरू झाली, तेव्हा टिकटिक नावालाही उरली नव्हती. राजकुमारनं सगळ्यांदेखत वाकून रामरावांच्या पायाला हात लावला. लोक म्हणाले, कान असावा तर असा. कोपऱ्यात टॉर्च पुसणाऱ्या छकुलीचा ऊर भरून आला. बाबांचं नाव राहिलं होतं, आणि ते आपण राखलं हे तिला पुरेसं होतं.

गाडी गेली, गर्दी पांगली, छकुली बाजारातून पेढे आणायला धावली. तिची माय कोकिळाबाई चहाचा कप घेऊन आली. लेक दूर गेल्याची खात्री करून तिनं हळूच विचारलं, "खरंच तीनच व्हता?"

"हाव. गाडी बाजाराच्या वळनावर व्हती तवाच समजलं."

"मंग पोरीले किती दिवस असं फसवसान?"

रामरावांनी चहाचा घोट घेतला. पेढ्यांचा पुडा छातीशी धरून येणाऱ्या लेकीकडे ते डोळे भरून पाहत राहिले.

"चार मानसाईत सोताच्या तोंडानं तिनं नंबर सांगतला, का त्या दिशी मले आयकू येईन."