हरणाचे केस

बेंबळीच्या रस्त्यावर हरीण आडवं आलं, असं बसवेश काकुळतीनं सांगत होता. थोरल्या श्रीशैलला ते पटलं नाही. "दारू पिऊन बाबांची गाडी झाडाला ठोकलीस," म्हणत त्यानं भर गल्लीत धाकट्याच्या मुस्काटात मारली. बसवेश घर सोडून पुण्याला गेला. सात महिने अंगणात पडलेली जुनी मारुती श्रीशैलनं जैनोद्दीनच्या गॅरेजमध्ये आणली. चेपलेला बंपर काढून जैनोद्दीननं रेडिएटरच्या जाळीतून तांबूस केसांचा पुंजका आणि शिंगाचं टोक उपसून काढलं. "हरीणच हाय, मालक. लई जोरात धडकलंय." श्रीशैलनं तिथूनच फोन लावला. "बसू, चुकलं माझं. हरणाचे केस सापडले. घरी ये." "अण्णा, मेलेल्या हरणाचं पटलं तुमाला," बसवेश म्हणाला, "माझं न्हाय पटलं." गाडी चार दिवसांत नीट झाली. बसवेशनं पुन्हा फोन उचलला नाही.