उसनी चव

सकाळी साडेआठला विनयाने वडिलांच्या कानामागे चकती लावली आणि नाकातल्या नळीत पेज ओतायला घेतली. तिकडे अलास्कातल्या नदीत एक तपकिरी अस्वल मासा खाई आणि त्याच्या जिभेवरची चव चकतीतून इकडे मालवणात तिच्या वडिलांच्या, दत्ताराम तांडेलांच्या, जिभेवर उतरे. आजारात त्यांची स्वतःची चव गेली होती. ही उसनी चव असली तरच पेज पोटात टिकायची.

गेले आठ दिवस मात्र ही चव असूनही पेज टिकत नव्हती. जन्मभर मासेमारी केलेल्या माणसाला रावस म्हणून खपवला जाणारा तो परदेशी सॅमन मासा पटत नव्हता. "ह्याका रावस म्हणतत? भिजलेलो कापूस तो," ते म्हणायचे आणि सगळं उलटून टाकायचे.

आज पहिला पेला टिकला. मग दुसराही. डोळे मिटून ते जीभ टाळूला लावत होते.

"ह्यो मासो न्हय गो," ते म्हणाले. "हाडां कवळी आसत."

विनयाने नदीकाठच्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर लावलं. मासे उड्या मारत होते, पण अस्वलाची नदीकडे पाठ होती आणि त्याच्या पंजाखाली केसाळ असं काहीतरी होतं. पलीकडे एक अस्वलीण उरलेल्या पिल्लाला पोटाशी घेऊन ओरडत होती.

विनयाने चकतीकडे हात नेला. वडिलांनी तिचं मनगट धरलं. महिनाभरात त्या हाताला एवढा जोर आला नव्हता.

"किती पोरां तिची?"

"दोन होती, बाबा."

"मगे उद्याक ह्याच अस्वल लाव."

विनयाने मनगट सोडवून घेतलं आणि तिसरा पेला भरला.