भरदुपारची वरात

चोपड्याच्या मारुती मंदिरापासून निघालेली वरात निम्म्या रस्त्यात आली आणि मोठा ढोल वाजवणारा छगन ढोलासकट कोसळला. नवरदेवाची घोडी बिचकून मागे सरली.

बँडमास्तर पितांबर आणि ट्रंपेटवाला भटू, दोघांनी त्याला उचलून बंद पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर नेलं. लाल कोटाची बटणं काढली, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने छगनने डोळे उघडले.

"ढोल फुटना का?"

"नही. पडी ऱ्हाय," पितांबर म्हणाला.

नवरदेवाचे वडील पंडितनाना फेट्याच्या शेवाने घाम पुसत आले. "एक पडना, बाकीना शेतस ना उभा? वाजाडा."

"आते नही, नाना," पितांबर म्हणाला. "ऊन उतरू द्या. सांजले पाहिजे तितलं वाजाडसूत."

"मुहूर्त सांजले शे का?"

नानांनी पुतण्याला मोटारसायकलवर पिटाळलं, देवचंदचा बँड आणायला.

देवचंद आणि पितांबर एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. गावात बँड दोनच. एकाने नाही म्हटलं की दुसरा ते लग्न घेणार, हे ठरलेलंच होतं.

"आबा, वाजाडी टाकू," भटू पितांबरला हळूच म्हणाला. "आज त्यानी वाजाडं ते पुढलं एकबी लगीन आपले भेटनार नही."

"आनी तू पडना ते?"

भटू ट्रंपेट मांडीवर घेऊन बसला. तापलेलं पितळ हाताला सोसेना, म्हणून त्याने ते रुमालात गुंडाळलं.

देवचंद आला. मागे त्याची माणसं, दुसरं एक लग्न आटोपून आलेली, कोटांवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग. ओट्यापाशी तो थांबला.

"कोन शे?"

"छगन," पितांबर म्हणाला.

देवचंदने वाकून छगनच्या कपाळावर हात ठेवला. मागून नाना ओरडले, "देवचंद, दखस काय? सुरू कर!"

देवचंदने आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यातला एक आधीच भिंतीला टेकून खाली बसला होता.

"नाना, मुहूर्त साधी ल्या," देवचंद म्हणाला. "सांजले दोन्ही बँड वाजाडसूत. आते मना बँडबी वाजनार नही."

नानांनी दोघांनाही शिव्या घातल्या आणि घोडीचा लगाम स्वतःच धरला. वरात तशीच, मुक्यानेच पुढे गेली.

देवचंद ओट्यावर पितांबरच्या शेजारी टेकला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"होळीपासून मना दोन मानसे पडनात," तो म्हणाला. "मी कोनले सांगं नही."

"मालेबी नही."

"तुले कसं सांगू?"

पितांबरने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. देवचंद घटाघट प्यायला.

"पहिले आखाजीनंतर, वैशाखमा असं ऊन पडे," पितांबर म्हणाला. "आते होळी व्हस नही तोच."

"उद्या परत लगीन शे. दुपारनंच."

"कोना बँडकडे?"

"मनाकडे."

समोरच्या रस्त्यावर डांबर वितळलं होतं. त्यात घोडीच्या टापांचे ठसे मांडवापर्यंत खोल उमटत गेले होते.