मैनाआजींचा वड

कात्रजच्या पुढच्या आपल्याच सोसायटीची सात मजली, बिनखिडक्यांची भिंत पूर्वाने महिनाभर गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या झुल्यावर बसून रंगवली. भिंतभर वड उतरला, पारंब्या थेट पार्किंगपर्यंत आल्या.

वटपौर्णिमेला शेजारच्या जुन्या गावातल्या मैनाआजी सुताचं रीळ घेऊन आल्या, तशी पूर्वा हरखली. पण आजी चित्रापाशी थांबल्याच नाहीत. स्कूटरींमागून, जनरेटरला वळसा घालून, त्या सूत सोडत अख्ख्या इमारतीलाच फेऱ्या घालू लागल्या.

"आजी, वड इकडे आहे!"

"त्यो तुजा, पोरी. लई देखणा झालाय. माजा हितं आत हुता, आता तुमची लिफ्ट हाय तिथं."

घरी जायला पूर्वा लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं, आणि खोडातून रस चढावा तशी ती अलगद वर जाऊ लागली.