कडुनिंबाखालची रेंज

छाणी गावाच्या पुढे शेतात निघालेल्या त्या प्लॉटवर गुणवंत मोबाइल हातात धरून कोपरान् कोपरा फिरला. रेंज कुठेच नव्हती. दलाल पटेलभाई ओशाळले. "खोटं नाही सांगत साहेब, लँडलाइनलाही चार-पाच वर्षं लागतील. इंटरनेटचं तर नावच नको."

तेवढ्यात मागच्या हद्दीवरच्या कडुनिंबाखालून नीरा ओरडली, "अहो, इथे येतेय! सांगलीला लागला फोन!" लग्नाला जेमतेम महिना झाला होता. ती हसत फोनवर म्हणाली, "आई, घर झालं की रोज इथूनच बोलू."

एका झाडाखालच्या रेंजवर कोण जागा घेणार, सौदा हातचा गेला, असं समजून पटेलभाई गाडीकडे वळले.

"थांबा. जागा पसंत आहे," गुणवंत हळूच म्हणाला. "फक्त कंपाउंडची भिंत त्या झाडाच्या अलीकडून घ्या."